परसबाग प्रश्नोत्तरं : खारा वारा आणि ठेंगणी झाडं

किनारपट्टीवरच्या वाचकांची या वेळी जी पत्रं आली, त्यांतली बहुतेक एकाच तक्रारीची आहेत. झाड जोमानं वाढतं आणि वारा ते आडवं करतो, नाहीतर पानं करपतात. त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : समुद्रापासून दोनशे मीटरवर आमची पाच गुंठ्यांची परसबाग आहे. वाऱ्याचा त्रास म्हणून गेल्या वर्षी पश्चिमेला सात फुटी चिऱ्याची भिंत घातली. तरी भिंतीपासून दहा-पंधरा फुटांवरची मिरची आणि वांगी बुडापासून हलतात, काही आडवी होतात. भिंत नव्हती तेव्हा इतकं होत नव्हतं. काय चुकलं? – वाचक, अलिबाग

भिंत सलग आहे, हेच चुकलं. सलग भिंतीवर आपटलेला वारा थांबत नाही. तो वर चढतो, माथ्यावरून जोरात पुढे जातो आणि भिंतीमागच्या पोकळीत खाली येऊन गोल फिरतो. खात्री करून घ्यायची असेल तर दुपारी तीनच्या सुमारास वाफ्यात एक काठी रोवा आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर तिला सुती कापडाची पट्टी बांधा. वारा पश्चिमेचा असूनही पट्टी मध्येच भिंतीकडे उडताना दिसेल. म्हणजे झाडाला एकदा इकडून, एकदा तिकडून धक्के बसतात. एकाच दिशेच्या वाऱ्याशी झाड जुळवून घेतं, त्या बाजूला मुळं घट्ट करतं. या उलटसुलट हिसक्यांत मात्र बुडाशी माती सैल होऊन खळगा पडतो आणि नवी मुळं तुटत राहतात.

वारा अडवायचा नाही, गाळायचा. अर्धा भाग उघडा आणि अर्धा बंद असलेलं कुंपण सगळ्यात चांगलं काम करतं. त्यातून गाळून आलेला वारा मंद होतो आणि वरून येणाऱ्या वाऱ्याला खाली कोसळू देत नाही. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहा पटींपर्यंत मिळतो. सहा फुटी कुंपण असेल तर साठ फुटांपर्यंत, आणि त्यातले पहिले तीस फूट विशेष चांगले.

बांधलेली भिंत पाडायची गरज नाही. गवंडी बोलावून वरच्या दीड-दोन फुटांतले एक आड एक चिरे काढून घ्या, म्हणजे वरचा भाग जाळीसारखा होईल. मग भिंतीपासून आठ-दहा फुटांवर, वाफ्यांच्या अलीकडे, चार फुटी शेडनेटची दुसरी ओळ उभी करा. नेट ५० टक्क्यांचंच घ्या. दुकानदार जास्त टिकाऊ म्हणून ७५ किंवा ९० टक्क्यांचं पुढे करतो, पण ते वाऱ्यापुढे भिंतच होतं.

नेट उभारताना बहुतेकांच्या हातून होणाऱ्या चुका सांगतो. खांब आठ-आठ फुटांवर हवेत. सहा फुटी कुंपणाला आठ फुटी खांब घेऊन दोन फूट जमिनीत जायला हवेत, पुळणीच्या, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीत अडीच फूट. तिथे खांबही त्या हिशेबानं लांब घ्या. प्रत्येक टोकाच्या आणि मधल्या एक आड एक खांबाला पश्चिमेकडून तारेचा ताण द्या. वर, मध्ये आणि खाली अशा तीन तारा ओढून नेट खांबांच्या पश्चिम अंगाला लावा. वारा मग नेट खांबावर दाबतो. पूर्वेला लावलं तर तेच नेट खांबावरून ओढून काढतो. नेटला भोकं पाडून सुतळीनं बांधू नका, पहिल्याच जोराच्या वाऱ्यात तिथून फाटत जातं. कड दोनदा दुमडून बांबूच्या दोन कांबींमध्ये धरा आणि कांबी तारेनं आवळा. खाली अर्धा फूट मोकळा ठेवा. कुंपणाची दोन्ही टोकं पाच-सहा फूट पूर्वेकडे वळवून घ्या, कारण टोकापाशी वारा बोळातून आल्यासारखा वेगानं घुसतो. फाटकाची फट पश्चिमेला असेल तर फाटकालाही नेट हवं.

वादळाचा इशारा आला की नेट उतरवायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यात नेट तर जातंच, खांबही उपटले जातात.

प्रश्न : वाऱ्यात टिकतील अशा ठेंगण्या भाज्यांचे वाण कोणते? जमीन पुळणीची, विहिरीचं पाणी एप्रिलपासून किंचित मचूळ लागतं. – वाचक, दिवेआगर

मिरचीत 'पुसा ज्वाला' घ्या. झाड बुटकं, फांद्या बुडापासून फुटलेल्या, त्यामुळे वाऱ्याला धरायला उंच खोडच मिळत नाही. चवळीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण सदाबहार'. वेल जात नाही, झुडूप राहतं, दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगा वाळतात आणि कोणत्याही हंगामात घेता येते. वालात त्याच विद्यापीठाचा 'कोकण भूषण' झुडपी आहे, त्याला मांडव लागत नाही.

तुमच्या मचूळ पाण्याला चवळी सगळ्यात योग्य. मातीतल्या क्षाराचं प्रमाण विद्युतवाहकतेनं मोजतात. चवळीचं उत्पन्न घटायला लागतं ते ही वाहकता ४.९ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेल्यावर. टोमॅटोची मर्यादा २.५, मिरचीची १.५, वांग्याची १.१ आणि फरसबीची जेमतेम १.० आहे. म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्या पाण्यावर फरसबी आणि वांगी लावू नका, चवळी लावा. कोकणात एक सोय निसर्गानंच केली आहे. पावसाळ्यात पुळणीतले क्षार धुऊन खोल जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास लावलेल्या पिकाला सुरुवात गोड्या जमिनीतच मिळते.

टोमॅटो लावायचाच असेल तर उंच, न थांबता वाढणारे वाण टाळा. 'अर्का रक्षक' मध्यम उंचीचा आहे. आधार लागतो, पण जांभ्या जमिनीत हमखास येणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगाला तो दाद देत नाही. वाऱ्यानं झाड हललं की मुळं दुखावतात आणि मरीचे जिवाणू त्याच जखमांतून शिरतात, म्हणून वाऱ्याच्या जागी हा गुण फार मोलाचा.

भेंडी उंच जाते. ती दीड फुटाची झाली की शेंडा खुडा आणि महिन्याची झाल्यावर बुडाला चार-पाच इंच मातीची भर द्या. पडवळ, दोडका, कारली यांचा मांडव डोक्याइतका उंच करायची सवय आहे. वाऱ्याच्या वाडीत तो चार फुटांवर आणा. वाकून तोडणी करावी लागेल, पण मांडव शिडासारखा फुगणार नाही. दुधी तर सरळ जमिनीवर पेंढा अंथरून सोडा.

लावणी सरळ चौकोनात न करता त्रिकोणी करा. मिरचीला एरवी ६० बाय ४५ सेंटीमीटर अंतर देतात, इथे ४५ बाय ४५ त्रिकोणी पद्धतीनं ठेवा, म्हणजे पुढच्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधल्या फटीमागे तिसरं झाड येतं. याहून दाट मात्र नको, आत हवा खेळली नाही की बुरशी येते.

रोपं टाकायची ती सप्टेंबरअखेर, लावणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. फेब्रुवारीपासून दुपारचे खारे वारे जोर धरतात. तोवर झाडाला तीन महिने मिळालेले असावेत.

प्रश्न : घरात तयार केलेली रोपं वाफ्यात लावली की दोन दिवसांत मोडतात. आधार दिला तर आधारापाशीच मोडतात. – वाचक, गुहागर

आडोशाला वाढलेलं रोप उंच, लुसलुशीत आणि पोकळ असतं. त्यानं वारा पाहिलेलाच नसतो. झाडाला हालचाल जाणवली की ते उंची कमी आणि जाडी जास्त करतं, म्हणून रोपाला लहानपणापासून थोडं हलवायला हवं. टोमॅटो आणि वांग्याच्या रोपांच्या शेंड्यांवरून हलक्या हातानं किंवा गुळगुळीत बांबूची काठी आडवी धरून सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा वेळा फिरवा. रोप दोन-अडीच इंचांचं झाल्यापासून लावणीपर्यंत. पानं ओली असताना करू नका, रोग पसरतो. मिरचीवर हा प्रयोग नको, तिची पानं आणि शेंडे दुखावतात. मिरचीचा ट्रे शेवटचे आठ-दहा दिवस बाहेर ठेवा. पहिले दोन दिवस सकाळी दोन तास, मग रोज वाढवत न्या आणि पाणी थोडं ताणा.

लावताना टोमॅटोचं खोड पहिल्या खऱ्या पानांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची आणि वांगं फारसं खोल नको, होती त्यापेक्षा अर्धा-एक इंच पुरे.

आधारापाशी रोप मोडतं याचा अर्थ बांधणी फार वर आणि फार घट्ट आहे. काठी रोपाच्या पश्चिमेला, लावणीच्याच दिवशी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. बांधायला केळीचं सोपट भिजवून घ्या किंवा काथ्याची सैलसर दोरी. दोरीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ काठी आणि खोडाच्या मध्ये येऊ द्या, म्हणजे खोड काठीवर घासत नाही. गाठ झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. वरचं दोन तृतीयांश झाड मोकळं डोलायला हवं, त्या डोलण्यानंच खोड जाड होतं. आणखी एक : निरगुडीच्या किंवा गिरिपुष्पाच्या ओल्या काठ्या आधाराला घेऊ नका. महिनाभरात त्याच फुटतात आणि रोपाच्या तोंडचं खत खातात.

मिरची सहा-सात इंचांची झाली की शेंडा एकदाच, सकाळी, नखानं खुडा. फुलोरा दहा-पंधरा दिवस लांबतो, पण झाड पसरट होतं.

प्रश्न : आंब्याला देतात ते कलटार मिरची-वांग्याला दिलं तर झाड ठेंगणं राहील का? – वाचक, देवगड

देऊ नका. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन मातीत दीर्घकाळ टिकून राहतं. आंब्याची मुळं खोल असतात, वर्षाचं एक पीक असतं, मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरते. परसबागेत त्याच मातीत पुढच्या महिन्यात तुम्ही माठ आणि मेथी पेरणार. ती खुरटतील आणि तुमच्या ताटात येतील. ठेंगणेपणा वाणातून आणि शेंडा खुडण्यातून मिळवा.

प्रश्न : वांग्याच्या आणि जास्वंदीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. कुणी पालाशाची (पोटॅशची) कमतरता सांगतात, कुणी खारा वारा. ओळखायचं कसं? – वाचक, मालवण

झाडाभोवती एक फेरी मारा. खाऱ्या वाऱ्यानं करपलेलं झाड एकाच अंगानं करपतं. समुद्राकडची पानं, त्यातही शेंड्याकडची कोवळी पानं, टोकापासून आणि कडेपासून वाळतात. पूर्वेकडची पानं बरीच हिरवी राहतात. पालाशाची कमतरता चारही बाजूंना सारखी दिसते आणि खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. आधी कड पिवळी, मग तपकिरी. तिसरी शक्यता मचूळ पाण्याची. तेव्हाही जुनी पानं चारही बाजूंनी कडेनं जळतात, पण बुडाशी माती वाळल्यावर पांढरट पापुद्रा दिसतो.

वाऱ्यात मीठ किती येतं ते पाहायचं असेल तर काचेचा स्वच्छ धुतलेला तुकडा पश्चिमेच्या कुंपणाला टांगा आणि संध्याकाळी उजेडाकडे धरून बघा. जोराच्या वाऱ्यानंतर त्यावर धुरकट, खरखरीत थर असतो. तोच थर पानावर असतो.

उपाय म्हणजे धुणं. ज्या दिवशी काच धुरकट होईल त्या दिवशी गोड्या पाण्यानं पानं धुवायची, आणि वेळ पहाटेची. संध्याकाळी धुतलं तर पानं रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण. ऊन वर आल्यावर धुतलं तर थेंब वाळताना उरलेलं मीठ पानावर पुन्हा दाट होतं. नुसता फवारा उडवू नका, पानावरून पाणी ओघळायला हवं, नाहीतर मीठ विरघळून पानात जास्त मुरतं. पाणी विहिरीचं मचूळ असेल तर न धुतलेलं बरं.

करपलेल्या झाडाला धीर द्यावा म्हणून लगेच युरिया टाकतात. त्यानं आणखी कोवळी पालवी येते आणि ती आधी करपते. पंधरा दिवस थांबा, मग शेणखत द्या. पालाश द्यायचा असेल तर सल्फेट ऑफ पोटॅशमधून. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि तुमच्या झाडाला ते वाऱ्यातून भरपूर मिळतंय. बुडाशी तीन-चार इंच पेंढा किंवा सुकी झावळी तुकडे करून पसरा. माती जितकी कमी तापेल तितके क्षार वर कमी येतील.

फवारणी कोणतीही असो, सकाळी नऊच्या आत उरका. तोवर जमिनीकडून येणारा मतलई वारा मंदावलेला असतो आणि खारा वारा सुरू व्हायचा असतो. त्या मधल्या शांत वेळात फवारा पानावर बसतो.

प्रश्न : नेट दर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं. जिवंत कुंपण कशाचं करावं? – वाचक, केळशी

एकाच जातीची ओळ लावू नका. समुद्राकडच्या बाजूला उंडी किंवा भेंड, आठ-दहा फुटांवर एक. दोन्ही मूळची किनाऱ्याचीच झाडं, खाऱ्या वाऱ्याला सरावलेली. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत, ते झाड वाडीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं. या ओळीच्या आत पाच फुटांवर निरगुडी, दोन-दोन फुटांवर, वरच्या झाडांच्या फटींसमोर येईल अशी. निरगुडीला गुरं तोंड लावत नाहीत. गिरिपुष्पाचे मेढे मृगाच्या पावसात रोवले की लगेच फुटतात. त्याचा पाला वाफ्याला उत्तम खत, पण लांब फांदी वाऱ्यात मोडते, म्हणून वर्षातून दोनदा पाच फुटांवर छाटा.

सुरूचं बन किनाऱ्यावर शोभतं आणि वारा उत्तम गाळतं. परसबागेच्या कडेला मात्र त्याच्या सुया पडून थर साचतो आणि खाली काही उगवत नाही. जागा एकरात असेल तरच लावा.

कुंपण आणि पहिला वाफा यांत सहा फूट सोडा. दर वर्षी पावसाळा संपला की मधल्या जागेत दीड-दोन फूट खोल चर मारून आत येणारी मुळं तोडा. पहिली दोन-तीन वर्षं नेट काढू नका, रोपांनाही आडोसा हवा.

प्रश्न : निसर्ग वादळात केळी आणि माड गेले. आता बुटक्या जाती लावल्या तर पडणार नाहीत ना? – वाचक, श्रीवर्धन

केळीत हो. 'बसराई' पाच-सहा फुटांतच राहते आणि वाऱ्यात उंच जातींपेक्षा कितीतरी जास्त टिकते. मुनवा फूटभर खोल लावा, पाच फुटांवर एक, आणि तीन महिन्यांनी बुडाला भर द्या. घड पडला की झोक ज्या बाजूला आहे तिकडून बांबूची कैची. वाऱ्यानं चिरलेली पानं कापू नका. चिरलेलं पान दिसायला वाईट, पण काम करत असतं. घड भरायला निदान आठ-दहा पानं हिरवी हवीत.

माडात मात्र ठेंगणा म्हणजे घट्ट असं समजू नका. बाणवली या उंच जातीच्या माडाच्या बुंध्याला जमिनीशी मोठा फुगवटा असतो आणि तिथून मुळांचा दाट गुंता सुटतो. ऑरेंज ड्वार्फसारख्या ठेंगण्या माडाला तो फुगवटा नसतो. तो लवकर धरतो, नारळ हाताशी येतात, पण ३ जून २०२० सारख्या वाऱ्यात भरवसा त्याचा नाही. समुद्राकडच्या ओळीत बाणवली, तीन फूट खोल खड्ड्यात, आणि ठेंगणे माड आत घराजवळ लावा.

प्रश्न : चौदाव्या मजल्यावर समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी आहे. कुंड्या उलटतात आणि माती दिवसात दोनदा सुकते. – वाचक, वर्सोवा, मुंबई

तुमच्या कुंड्यांत बहुतेक नुसतं कोकोपीट आहे. ते सुकलं की कुंडीला वजनच उरत नाही. मिश्रण असं करा : लाल माती चार भाग, शेणखत तीन भाग, कोकोपीट दोन भाग, जाड वाळू एक भाग. उंच, निमुळत्या कुंडीऐवजी रुंद बुडाची, बारा इंच व्यासाची आणि दहा इंच उंचीची घ्या. झाडाची उंची कुंडीच्या उंचीच्या दीडपटीपलीकडे जाऊ देऊ नका.

वजन वाढवायला कुंडीच्या तळाशी दगड भरू नका, मुळांची जागा जाते आणि पाणी त्यांच्या वरच अडतं. कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत खडी भरा. तीच खडी ओली ठेवली की आतली माती उशिरा सुकते. मातीच्या कुंडीला सगळीकडून वारा लागतो, तिच्यासाठी ही दुहेरी रचना जास्तच उपयोगी.

कठड्याला ५० टक्क्यांचं नेट आतल्या बाजूनं लावा, खाली अर्धा फूट सोडून. कठड्यावर किंवा कठड्याबाहेर एकही कुंडी नको. बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर वीस किलोच्या पुढे जाते. कुंड्या भिंतीलगत कोपऱ्यात, एकमेकींना खेटून ठेवा आणि सगळ्यांच्या गळ्याभोवती एकच नायलॉनची दोरी फिरवून ती भिंतीतल्या हुकाला बांधा. मोठ्या कुंड्या कठड्याकडे, लहान आत. मिरची, तुळस, माठ, पुदिना इथे चांगले येतात. टोमॅटोची हौस असेल तर गुच्छानं येणारा चेरी टोमॅटोचा बुटका वाण घ्या आणि पावसाळ्याचे चार महिने कुंड्या घरात खिडकीशी आणा.